चिंक्वे तेर्रेचा शनिवार-रविवार: इटलीत नव्याने शिकायला आलेल्यांसाठी

इटलीत मास्टर्सला आलेल्या मराठी मुलामुलींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पहिल्याच सेमिस्टरमध्ये कधीतरी चिंक्वे तेर्रेचा, म्हणजे समुद्रकाठच्या पाच गावांचा, विषय निघतोच. कुणीतरी डोंगरउतारावर रंगीबेरंगी घरं आणि खाली निळा समुद्र असलेला फोटो टाकतं, पंधरा जण हात वर करतात, आणि बेत ठरतो तो असा: सकाळी निघायचं, पाचही गावं बघायची, रात्री परत. या बेतात पैसे आणि पाय दोन्ही खर्च होतात, पण किनारा मात्र हाती लागत नाही. कारण साधं आहे. १८७४ साली पूर्ण झालेला जेनोआ ते ला स्पेत्सिया हा रेल्वेमार्ग इथे जवळजवळ सगळा बोगद्यांतून जातो. एका गावातून दुसऱ्या गावाला गाडीने तीन-चार मिनिटं लागतात आणि त्या तीन-चार मिनिटांत खिडकीबाहेर अंधार असतो. समुद्र दिसतो तो दोन गावांना जोडणाऱ्या पायवाटेवरून.

म्हणून माझा पहिल्यापासून एकच आग्रह आहे. आधी चालायची वाट ठरवा. मुक्काम, गाडी, जेवण, फोटो हे सगळं त्या वाटेभोवती बसवा.

जागा नेमकी कुठे आहे

लिगुरिया प्रांतात, जेनोआच्या आग्नेयेला, लेव्हांतो आणि ला स्पेत्सिया या दोन शहरांच्या मधोमध ही पाच गावं आहेत. लेव्हांतोकडून मोजत गेलं तर मोंतेरोस्सो, व्हेर्नात्सा, कोर्निलिया, मानारोला आणि रिओमाज्जोरे. १९९७ साली युनेस्कोने या पट्ट्याला जागतिक वारसा म्हटलं, त्यात शेजारचं पोर्तोव्हेनेरे आणि समोरची तीन बेटंही आहेत. १९९९ साली राष्ट्रीय उद्यान झालं. राष्ट्रीय उद्यान म्हटल्यावर आपल्या डोळ्यासमोर जंगल येतं. इथे मुख्यतः माणसाने बांधलेले बांध आणि त्यांवरची द्राक्षांची, ऑलिव्हची, लिंबांची शेती आहे. त्यावर पुढे सविस्तर लिहितो, कारण ते बघितल्याशिवाय या सहलीला अर्थ नाही.

कधी जायचं

एप्रिल-मे किंवा सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरची सुरुवात. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन भाजून काढतं, राहायचे दर चढतात आणि अरुंद पायवाटांवर समोरून येणाऱ्याला जागा देण्यातच अर्धा वेळ जातो. २५ एप्रिल, १ मे आणि २ जून या राष्ट्रीय सुट्ट्या लागून आलेले शनिवार-रविवार कटाक्षाने टाळा. त्या दिवसांत स्टेशनवर उतरायलाही रांग असते, आणि उद्यानवाले काही वाटा ठरावीक वेळात एकाच दिशेने खुल्या ठेवतात.

हिवाळ्यात गर्दी नसते, दर उतरलेले असतात, उन्हाचा एखादा स्वच्छ दिवसही मिळतो. पण बोटी बंद असतात, बरीच खाणावळी-दुकानं बंद असतात आणि पाच वाजता अंधार पडतो. ज्यांची परीक्षा फेब्रुवारीत आहे आणि हातात डिसेंबरचा एखादाच मोकळा शनिवार आहे, त्यांनी मानारोला गाठावं. तिथल्या डोंगरउतारावर ८ डिसेंबरपासून दिव्यांची येशूजन्माची भली मोठी आरास करतात, गावातल्याच एका माणसाने सुरू केलेली.

पावसाबद्दल मात्र गंभीरपणे सांगतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये इथे पाऊस थोड्या तासांत प्रचंड कोसळतो. २५ ऑक्टोबर २०११ ला असाच पाऊस झाला आणि डोंगरावरून आलेल्या चिखल-दगडांच्या लोटाने व्हेर्नात्सा आणि मोंतेरोस्सोचे रस्ते पार बुजवले. माणसं गेली. व्हेर्नात्साच्या मुख्य रस्त्यावर दुकानांची दारं दिसेनाशी होतील एवढा थर साचला होता. तेव्हापासून लिगुरियात हवामानाचा इशारा पिवळा, नारंगी की लाल हे लोक गांभीर्याने बघतात. नारंगी किंवा लाल असेल तर पायवाटा बंद करतात. निघायच्या आदल्या संध्याकाळी लिगुरियाचा इशारा आणि उद्यानाच्या संकेतस्थळावरचा वाटांचा ताजा तक्ता बघायचा. इशारा असेल तर सहल पुढच्या आठवड्यावर ढकला. त्यासाठी सुरुवातीलाच रद्द करता येईल अशीच खोली घ्या, दोन-चार युरो जास्त पडले तरी.

किती जण, आणि पैशांचं बोलणं

चार ते सहा. याहून मोठा गट झाला की पायवाटेवर लांबलचक माळ होते, एका टेबलावर जागा मिळत नाही आणि प्रत्येक स्टेशनवर कुणीतरी मागे राहतं. पंधरा जणांना यायचंच असेल तर तीन गट करा, तिघांचे वेगळे म्होरके ठेवा आणि संध्याकाळी एका ठिकाणी भेटा.

पैशांचं आधी बोला, आणि स्पष्ट बोला. आपल्यापैकी बरेच जण प्रादेशिक स्कॉलरशिपवर आलेले असतात आणि तिचा पहिला हप्ता महिनोन् महिने येत नाही. तोवर घरून आणलेल्या पैशांत भाडं आणि जेवण भागवायचं असतं. अशा वेळी ग्रुपवर कुणी "चला, समुद्रासमोरच्या हॉटेलात जेवू" म्हटलं की ज्याला परवडत नाही तो गप्प बसतो, आणि मग ऐन वेळी काहीतरी कारण सांगून यायचंच टाळतो. हे होऊ देऊ नका. निघण्याआधी माणशी वरची मर्यादा ठरवा, तिकीट, मुक्काम आणि पायवाटांचं कार्ड (त्याबद्दल पुढे) हा सामाईक खर्च आणि खाणं-पिणं ज्याचं त्याचं, असा हिशेब ठेवा. स्प्लिटवाइजवर त्याच क्षणी नोंद करा.

कागदपत्रं

इटलीतल्या इटलीत फिरताय म्हणून काही लागत नाही, असं समजू नका. होस्टेल असो वा घरगुती खोली, प्रत्येक पाहुण्याची नोंद पोलिसांकडे करणं मालकाला बंधनकारक आहे, त्यामुळे मूळ पासपोर्ट लागतो, मोबाइलमधला फोटो चालेलच असं नाही. पेर्मेस्सो दि सोज्जोर्नो (इटलीत राहायचा परवाना) अजून आलं नसेल तर पोस्टातली पावती सोबत ठेवा. नव्याने आलेल्यांसाठी ही सहल सोयीची आहे ती याच कारणाने: डी व्हिसाची मुदत संपली असेल आणि हातात फक्त पावती असेल, तर शेजारच्या फ्रान्स-स्वित्झर्लंडला जाणं धोक्याचं आहे. इथे तो प्रश्नच येत नाही.

आरोग्यसेवेचं कार्ड किंवा विम्याचा कागद बरोबर असू द्या. आणीबाणीचा क्रमांक ११२. त्यांचं 'व्हेअर आर यू' नावाचं अ‍ॅप फोन करतानाच तुमची जागा कळवतं. डोंगरात "मी कुठे आहे" हे मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये सांगण्यापेक्षा ते बरं, म्हणून घरूनच उतरवून घ्या.

मुक्काम कुठे

पाच गावांत राहू नका. तिथे खोल्या थोड्या आणि महाग, शिवाय सामान घेऊन दीडशे पायऱ्या चढाव्या लागतील त्या वेगळ्या. दोन पर्याय बरे.

ला स्पेत्सिया हे नौदलाचं, गोदीचं, रोजच्या कामाधामाचं शहर. पर्यटकांसाठी नटलेलं नाही, म्हणूनच स्वस्त. मोठी सुपरमार्केटं आहेत, स्टेशनाजवळ होस्टेलं आहेत, रात्री उशिरा पोचलात तरी खायला मिळतं. विद्यार्थ्यांच्या गटासाठी माझी पसंती हीच.

लेव्हांतो लहान, शांत, स्वतःची चौपाटी असलेलं. इथून बोनास्सोला आणि फ्रामुरापर्यंत जुन्या रेल्वेच्या बोगद्यांतून आता सायकलची आणि चालायची वाट केली आहे. ज्यांच्या गटात कुणाला चढ झेपत नाही, त्यांनी लेव्हांतोत राहून एक दिवस भाड्याच्या सायकली घ्याव्यात. बोगद्यातला गारवा आणि मध्येच उघडणारा समुद्र, दोन्ही सपाटीवर मिळतं.

स्वयंपाकघर असलेली जागा घ्या. रात्री खिचडी टाकता आली की एका जेवणाचे पैसे वाचतात आणि पोटही ठिकाणावर राहतं.

पोचायचं कसं

गाडी भाड्याने घेऊ नका. गावांत गाडी नेता येत नाही, पार्किंग महाग आणि लांब, घाटातले रस्ते अरुंद.

मिलानहून थेट इंटरसिटी साधारण तीन तासांत या पट्ट्यात आणते. लवकर काढलं तर स्वस्त पडतं, पण ते तिकीट त्याच गाडीचं असतं. जेनोआत बदलून रेजोनाले म्हणजे साध्या प्रादेशिक गाडीने येणं थोडं लांबतं, पण त्या तिकिटाला आसन नसतं आणि गटातला एखादा उशिरा आला तर सगळ्यांना मागची गाडी धरता येते. तोरिनोवाल्यांनीही जेनोआमार्गेच यावं. पिसाहून ला स्पेत्सिया तासाभराच्या आसपास, फिरेंत्सेवाल्यांना पिसामार्गे सोपं, बोलोन्यावाल्यांनी पार्मामार्गे बघावं.

रेजोनालेचं कागदी तिकीट असेल तर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उठवायचा. मोबाइलवरचं तिकीट असेल तर अ‍ॅपमध्ये जाऊन चेक-इन करायचं. तिकीट खरेदी केलं म्हणजे झालं, असं नाही. शिक्का नसलेल्या तिकिटाला तपासनीस विनातिकिटाच्या पंगतीत बसवतो आणि "आम्ही नवीन आहोत" हे ऐकून घेत नाही.

वेळापत्रकात दोन शब्द नीट बघा. 'फेरियाले' म्हणजे सोमवार ते शनिवार, 'फेस्तिवो' म्हणजे रविवार आणि सुट्ट्या. शनिवारी पाहिलेली गाडी रविवारी असेलच असं नाही.

आणि संप. इटलीत रेल्वेचा 'शोपेरो' आधी जाहीर होतो, तेव्हा तिकीट काढण्याआधी त्या तारखेचा शोध घ्या. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळांत ठरलेल्या काही स्थानिक गाड्या सोडतातच. शुक्रवारी संध्याकाळी निघायचं असेल तर ही माहिती कामी येते. रविवारच्या संपात तसा भरवसा नाही.

कार्डाचं गणित

चिंक्वे तेर्रे कार्ड दोन प्रकारचं. एकात फक्त पायवाटा, दुसऱ्यात पायवाटा आणि लेव्हांतो ते ला स्पेत्सिया दरम्यानच्या गाड्या हव्या तितक्या वेळा. गावांतल्या लहान हिरव्या बसही त्यात येतात. कार्डाचा दर तारखेनुसार बदलतो, गर्दीच्या दिवशी जास्त. पर्यटनाच्या मोसमात या पाच गावांमधलं साधं एकेरी तिकीटही नेहमीच्या स्थानिक भाड्यापेक्षा बरंच महाग असतं, अगदी एका स्टेशनासाठीसुद्धा. तेव्हा दिवसात तीनपेक्षा जास्त वेळा गाडीत चढणार असाल आणि मुख्य वाटही चालणार असाल तर गाडीवालं कार्ड घ्या. खाली दिलेल्या बेतात शनिवारला कार्ड लागतं, रविवारला बहुधा नाही.

पैसे भरून चालायच्या वाटा मुख्यतः दोन: मोंतेरोस्सो ते व्हेर्नात्सा आणि व्हेर्नात्सा ते कोर्निलिया. वरच्या डोंगरातल्या वाटा फुकट आहेत. कोर्निलिया ते मानारोला ही किनाऱ्यालगतची वाट दरडींमुळे बरीच वर्षं बंद आहे. जुन्या ब्लॉगवर ती सुरू दिसेल, विश्वास ठेवू नका.

रिओमाज्जोरे ते मानारोला या प्रसिद्ध 'व्हिया देल्लामोरे'चं वेगळं सांगायला हवं. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये तिथे दरड कोसळून चार पर्यटक जखमी झाले, वाट बंद झाली आणि तब्बल बारा वर्षांनी, २०२४ च्या उन्हाळ्यात पुन्हा उघडली. आता तिला वेगळं तिकीट आणि ठरलेली वेळ घ्यावी लागते. सपाट आहे, वीस-पंचवीस मिनिटांची आहे, बांधीव कठडे आहेत. ज्याला गुडघ्याचा त्रास आहे त्याच्यासाठी उत्तम. बाकीच्यांनी तेवढे पैसे फारिनातावर (हा इथला खाण्याचा पदार्थ, पुढे सांगतो) खर्च करावेत.

शनिवार: मोंतेरोस्सोपासून

सकाळी सात-साडेसातच्या गाडीने मोंतेरोस्सो गाठा. स्टेशन नव्या वस्तीत आहे, फेजिना भागात. समोरच वाळूची चौपाटी, पाच गावांतली एकमेव म्हणावी अशी. जुनं गाव बोगद्यापलीकडे, दहा मिनिटांवर. चौपाटीच्या टोकाला कड्याला टेकलेला एक अर्धा तुटलेला प्रचंड नेपच्यून आहे, १९१० साली सिमेंट-काँक्रीटचा केलेला. महायुद्धातल्या बॉम्बनी आणि नंतर १९६६ च्या वादळाने त्याचे हात-त्रिशूळ गेले. कवी एऊजेनियो मोंताले यांचे लहानपणीचे उन्हाळे याच गावात गेले. त्यांना १९७५ चं नोबेल मिळालं.

जुन्या गावातून फोकाच्चा (ऑलिव्ह तेलातला चपटा पाव) बांधून घ्या, बाटल्या भरा आणि आठपर्यंत वाटेला लागा. मोंतेरोस्सोकडून सुरुवात करायची दोन कारणं. खडा पायऱ्यांचा चढ सकाळच्या गारव्यात उरकतो. आणि दीड-दोन तासांनी शेवटच्या वळणावर व्हेर्नात्सा वरून दिसतं: गोल बुरुज, बंदराच्या कडेचं सान्ता मार्गेरिता चर्च, आणि मुठीत मावेल एवढं बंदर. उलटीकडून आलात तर हे पाठीमागे राहतं.

अंतर जेमतेम साडेतीन किलोमीटर आहे, पण सह्याद्रीत ट्रेक केलेल्यांनीही हलक्यात घेऊ नये. पायऱ्या उंच-सखल आहेत, काही ठिकाणी वाट एका माणसापुरती आहे आणि एका बाजूला कठडा नाही. पायात मागे पट्टा नसलेल्या चपला, गुळगुळीत तळव्याचे बूट घालून जाण्याला २०१९ पासून बंदी आहे आणि दंडही सणसणीत. चांगले पकडीचे बूट हवेत. प्रत्येकी दीड लिटर पाणी, टोपी, एक हलकं जॅकेट, मोबाइलची पॉवर बँक, बस. मोठी सॅक मुक्कामावर ठेवा.

व्हेर्नात्सात तासभर टेका. धक्क्याच्या टोकाला, लाटा फुटतात तिथे, फोटोसाठी उभं राहू नका. नैर्ऋत्येकडून 'लिबेच्चो' वारा सुटला की आधी शांत वाटणारा समुद्र एकाएकी धक्क्यावर चढतो.

पुढे कोर्निलियापर्यंत चालायचं की गाडी धरायची, हे गटाचे पाय बघून ठरवा. चाललात तर आणखी दीड-दोन तास, ऑलिव्हच्या बागांतून, आणि मधली प्रेव्हो ही वाडी म्हणजे या किनारवाटेचं सर्वांत उंच ठिकाण. गाडीने आलात तर स्टेशनपासून गावात जायला ३८२ पायऱ्या. कार्ड असेल तर बसने जा. पाचांत कोर्निलियालाच बंदर नाही, गाव समुद्रापासून शंभर मीटर वर कड्यावर बसलंय, त्यामुळे बोट इथे थांबत नाही आणि गर्दी तुलनेने कमी. दुपारची विश्रांती इथेच घ्या.

संध्याकाळी मानारोला. स्टेशनातून गावात जायला लांब बोगदा आहे. गावापलीकडच्या पुंता बोन्फिल्योच्या वाटेवर सूर्य मावळायच्या तासभर आधी जाऊन बसा. सगळे फोटो इथूनच घेतलेले असतात.

गाडीची एक गोष्ट लक्षात ठेवा. व्हेर्नात्सा आणि रिओमाज्जोरेला फलाटाचा काही भाग बोगद्यातच आहे. डबा अंधारात थांबला म्हणजे स्टेशन आलं नाही, असं समजून बसून राहिलात की पुढच्या गावाला पोचलात. दार बटण दाबून उघडायचं आणि उतरायचं. गर्दीच्या डब्यात सॅक पुढे घ्या, खिसेकापू असतात.

समुद्रात उतरण्याआधी

आपल्यापैकी अनेकांना पोहता येत नाही, आणि हे ग्रुपमध्ये कुणी मोठ्याने सांगत नाही. मानारोला, रिओमाज्जोरे, व्हेर्नात्सा इथे खडकावरून उतरलं की लगेच खोल पाणी आहे, उथळ पट्टा नाही. गावातली पोरं कड्यावरून उड्या मारतात, ती तिथेच वाढलेली आहेत. तुम्ही त्यांच्यामागे जाऊ नका. पाण्यात खेळायचंच असेल तर मोंतेरोस्सोची चौपाटी, आणि तिथेही लाल बावटा असेल तर नाही. छत्र्या-खुर्च्या मांडलेला भाग पैसे देऊन वापरायचा असतो, मोकळा फुकट पट्टाही असतो, तो विचारून घ्या.

रविवार: वरच्या वाटेने

रविवारी गर्दी किनाऱ्यावर असते, म्हणून तुम्ही डोंगरात जा. मानारोलाहून हिरव्या बसने व्होलास्त्राला चढा. हे सव्वातीनशे मीटर उंचीवरचं गाव, आणि बसने चढ वाचतो. तिथून कोर्निलियाकडे जाणारी वाट बराच वेळ एका पातळीवर, द्राक्षांच्या मळ्यांतून जाते आणि शेवटी झाडीतून उतरते. अडीच-तीन तास धरा. या वाटेला कार्ड लागत नाही, बस आणि गाडीचं तिकीट तेवढं काढा.

इथे सावकाश चाला. खाली समुद्र आहेच, पण बांधाकडे बघा. डोंगर इतका उभा आहे की माती टिकणारच नाही, म्हणून शेकडो वर्षं इथल्या माणसांनी दगड फोडून, चुना-सिमेंट काही न वापरता, नुसते दगडावर दगड बसवून भिंती रचल्या आणि त्यामागे माती भरली. मोठे दगड बाहेर, त्यांच्यामागे बारीक खडी, म्हणजे पावसाचं पाणी भिंतीतून झिरपतं आणि भिंत फुगत नाही. एकामागे एक अशा हजारो भिंती. हे कौशल्य युनेस्कोने २०१८ साली अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, इटलीसह आठ देशांच्या नावे. मळ्यात एक लोखंडी दातेरी रूळ चढताना दिसेल. त्यावरून एका माणसाची छोटी मोटरगाडी द्राक्षांच्या पाट्या वर आणते. ती येण्याआधी हे सगळं डोक्या-खांद्यावरून व्हायचं. बोस्को, आल्बारोला आणि व्हेर्मेंतिनो या द्राक्षांची पांढरी वाइन, आणि वाळवलेल्या द्राक्षांची गोड 'शाकेत्रा', ही इथली मिळकत.

आणि हेच कळकळीने सांगायचं आहे. शेती सोडून तरुण शहराकडे गेले, बांध पडू लागले. बांध पडला की माती सुटते आणि मोठ्या पावसात तीच खाली गावात येते. म्हणून सेल्फीसाठी बांधावर चढू नका. एक दगड हलला की त्यावरचा भार सरकतो, आणि तो परत बसवायला कुणाचातरी दिवस जातो. वाट सोडून मळ्यात शिरू नका, द्राक्षं-लिंबं तोडू नका. समोरून पाटी घेऊन माणूस आला तर डोंगराच्या बाजूला उभं राहून वाट द्या, "बोंज्योर्नो" म्हणा.

चालायचं त्राण नसेल तर ला स्पेत्सियाहून अर्ध्या तासाच्या बसने पोर्तोव्हेनेरेला जा. खडकाच्या टोकावरचं काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं सान पिएत्रो चर्च बघायला पैसे लागत नाहीत.

खाण्याचं

शाकाहारी माणूस लिगुरियात उपाशी राहत नाही, फक्त विचारायला शिकायचं. 'फारिनाता' म्हणजे हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ, आणि तांब्याच्या मोठ्या थाळ्यात भट्टीत भाजलेलं. आपलं बेसनाचं धिरडंच, कड कुरकुरीत आणि मधे मऊ. वर मिरपूड घालून गरमच खा. फोकाच्चा साधा, कांद्याचा, ऑलिव्हचा मिळतो. त्यात चरबी नाही ना, यासाठी "सेंत्सा स्त्रुत्तो?" विचारा. पेस्तो घातलेला 'त्रोफिये' पास्ता बटाटा आणि फरसबीसह येतो. मात्र पेस्तोतल्या पार्मिज्यानो चीजला वासराच्या पोटातलं विरजण वापरतात, कडक शाकाहारी असाल तर हे माहीत असू द्या. मोंतेरोस्सोची खासियत 'अच्चूगे' म्हणजे छोटे मासे, खारवलेले किंवा लिंबात मुरवलेले. मासे खाणाऱ्यांनी चुकवू नयेत. न खाणाऱ्यांनी "सेंत्सा कार्ने, सेंत्सा पेशे" म्हणावं, कारण हे मासे भाजीच्या पदार्थातही सापडतात.

टेबलावर बसलं की बिलात माणशी 'कोपेर्तो' म्हणजे बसण्याचा आकार लागतो, उभ्याने कॉफी प्यायली तर स्वस्त. वाटेसाठी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी डब्यात घ्या, ऐन चढावर तेच उपयोगी पडतं. कचरा सगळा परत आणायचा. गावातल्या नळांचं पाणी पिण्याजोगं असतं, 'नोन पोताबिले' लिहिलं असेल तिथे मात्र भरू नका.

परत निघताना

रविवारी संध्याकाळी पाच ते सातच्या गाड्या तुडुंब भरतात. चार वाजेपर्यंत पायवाटेवरून खाली असा, मुक्कामावरून सामान उचला आणि ला स्पेत्सियातच गाडीत बसा. बऱ्याच गाड्या तिथूनच सुटतात, त्यामुळे जागा मिळण्याची शक्यता जास्त. मधल्या गावात चढलात तर मिलानच्या वाटेवर उभं राहावं लागेल. जेनोआत बदलायचं असेल तर दोन गाड्यांत किमान अर्ध्या तासाचं अंतर ठेवा, आणि त्यानंतरही एक गाडी शिल्लक आहे याची खात्री निघतानाच करा. सोमवारी सकाळी लेक्चर असणाऱ्यांनी शेवटच्या गाडीवर अवलंबून राहू नये. हिशेब गाडीतच मिटवा, सगळे समोर असतात आणि बिलंही खिशातच असतात.